माळवद, कौल आणि पत्रा

घराचे छप्पर कसे असावे हे महाराष्ट्रात आधी पावसाने ठरवले. उन्हापासूनचा बचाव त्या मापात बसवून घेतला गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर, आणि घाटमाथा ओलांडून सोलापूर-धाराशिवकडे गेले की तो सातशे-आठशेवर येतो. ऊन दोन्हीकडे कडक, पण त्याची जात वेगळी. कोकणात हवा दमट, त्यामुळे अंगाला वारा लागला तरच सुटका. देशावर हवा कोरडी, दिवसा भाजणारी आणि रात्री निवणारी, त्यामुळे दुपारचे ऊन घराबाहेर थोपवून धरले की निभावते. एका बाजूला उतरते, फटीफटीतून श्वास घेणारे छप्पर आणि दुसऱ्या बाजूला सपाट, जाडजूड मातीचे छप्पर अशी विभागणी त्यातून झाली. गेल्या दीडशे वर्षांत ती मोडली. ती मोडताना आगीची भीती, लाकडाची टंचाई, मालाची वाहतूक, भूकंप, वादळ आणि सरकारी अनुदान यांचा हिशेब झाला. घरातल्या उकाड्याचा हिशेब मात्र मागे पडत गेला.

सपाट मातीच्या छपराला मराठवाड्यात माळवद म्हणतात, खानदेशात आणि देशावर इतरत्र धाबे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा सरळ काटक्यांचा दाट थर, त्यावर पळसाची पाने, लिंबाचा पाला नाहीतर तुराट्या, मग तुडवून मऊ केलेला चिखल आणि शेवटी पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला थर अशी त्याची रचना. काळी माती यासाठी चालत नाही. ती उन्हाने भेगाळते आणि ओली झाली की फुगते. पांढरी माती पाणी पटकन आत घेत नाही. ती बहुधा गावठाणाच्या जुन्या टेकाडातून किंवा पडक्या गढीतून आणली जाई. अशा टेकाडांखाली पूर्वीच्या वस्त्या असतात. तेर, पैठण, नेवासे इथल्या पांढरीच्या खुणा सातवाहनकाळापर्यंत मागे जातात. अशा जुन्या गावांत आजच्या घरावर शेकडो वर्षांपूर्वीच्या घरांची माती चढली, असे म्हणायला हरकत नाही.

माळवदाला एका अंगाला किंचित उतार दिलेला असतो आणि त्या कडेला लाकडाची किंवा पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली असते. उजेडासाठी मधोमध सवणे, म्हणजे झाकता येण्यासारखे भोक. चुलीचा धूर तिथूनच बाहेर जाई आणि पाऊस आला की कोणीतरी वर पळत जाऊन ते झाकी. उन्हाळ्यात या छपराचे काम पाहण्यासारखे असते. फूट-दीड फूट मातीतून दुपारची उष्णता खाली झिरपायला निम्मा दिवस लागतो. ती खोलीत उतरते तेव्हा रात्र झालेली असते, आणि तोवर घरातली माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. पापड, कुरडया, मिरच्या, डाळी यांचे वाळवणही तिथेच. ज्या प्रदेशात लाकूड थोडे आणि पाऊस बेताचा, तिथे याहून शहाणपणाचे छप्पर सापडणे कठीण होते.

त्याचा दोष देखभालीत दडलेला होता. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवते, त्याच्या मुळांनी वाटा पडतात, उंदीर-घुशी पोखरतात. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर नव्या मातीचा थर टाकायचा. जुना थर खरवडून काढण्याचे कष्ट सगळेच घेत नसत. दोन-तीन पिढ्यांत एक फुटाचे माळवद दोन फुटांचे होई. एक फूट चोपलेल्या मातीचे वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात जाते. हे ओझे पेलण्यासाठी दोन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या भिंती घातल्या जात. ओझे वाढत गेले, भिंती तशाच राहिल्या. त्याचा परिणाम १९९३ साली दिसला.

कोकणात माळवद एक पावसाळाही टिकले नसते. तिथल्या गरिबाच्या घरावर गवत, भाताचा पेंढा किंवा नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. वासे माडाचे किंवा चिव्याचे, रिपा पोफळीच्या चिरफळ्यांच्या. सगळे परसातले, पैसा न लागणारे. गवताइतके थंड छप्पर दुसरे नाही. आत अडकलेली हवा ऊन अडवते आणि घामट दिवसांत छप्पर वाराही सोडते. पण ते दर वर्षी, फार तर एकाआड एक वर्षी बदलावे लागते आणि ठिणगीला घाबरून राहावे लागते. शिमग्याच्या सुमारास वारा सुटलेला असताना एका घराने पेट घेतला की वाडीच्या वाडी जळून जाई. ऐपत आली की माणूस पहिली गोष्ट करी ती छपरावर कौले चढवण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याची गॅझेटियरे तयार झाली तेव्हा बरी घरे आणि हलकी घरे वेगळी करताना कौले की गवत ही खूण त्यांनी धरली, ती उगाच नव्हे.

ही कौले म्हणजे गावच्या कुंभाराने घडवलेले नळे. विदर्भात त्यांनाच कवेलू म्हणतात. कुंभार चाकावर एका टोकाला किंचित निमुळती नळी काढतो, ती ओली असतानाच दोन बाजूंनी उभी चिरून ठेवतो आणि वाळल्यावर हलका ठोका देऊन तिचे दोन भाग करतो. आव्यात भाजली की एका नळीची दोन कौले तयार. छपरावर एक ओळ उताणी आणि दोन ओळींच्या सांध्यावर एक ओळ पालथी, असे ते रचतात. उताण्या नळ्यातून पाणी वाहते, पालथा नळा सांधा झाकतो. त्यांना खिळा नाही, चुना नाही. ते केवळ वजनाने आणि उताराने बसतात. म्हणून तर मांजर पळाले, वानरांची टोळी उतरली, आंब्याची फांदी पडली की नळे सरकतात, आणि पहिल्या पावसात घरभर भांडी मांडावी लागतात.

त्यावर उपाय म्हणजे शाकारणी. वैशाखात, पाऊस तोंडावर आला की घरोघरी शिडी लागे. शाकारणारा माणूस वाशांवर अंदाजाने पाय टाकत वर जाई, वळचणीपासून आढ्यापर्यंत एकेक ओळ उचलून साठलेला पाला काढी, फुटके नळे खाली टाकी, धड असतील ते पुन्हा लावी आणि तूट कुंभाराकडून आणलेल्या नव्या नळ्यांनी भरून काढी. खाली उभ्या असलेल्या बाया-पोरांनी नळे हातोहात वर द्यायचे. घरटी दोन-तीन दिवसांचे हे काम गावाच्या देण्याघेण्यात बसवलेले होते: कुंभार बलुतेदार, शाकारणारा ओळखीतला, मोबदला बऱ्याचदा धान्यात. गावठी कौलाची दुसरी अडचण वजनाची. दोन थरांमुळे ते छप्पर ओलेपणी फार जड होते आणि त्याला वासे जाड लागतात, रिपा जवळजवळ लागतात. जंगल हाताशी होते तोवर हे जाणवले नाही. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, साग-ऐन तोडायला परवाना आणि पैसा लागू लागला, आणि त्याच सुमारास कमी लाकडात बसणारे नवे कौल समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरू लागले.

ते कौल मंगळूरचे. बेसल मिशन ही स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील प्रोटेस्टंट संस्था १८३४ साली पश्चिम किनाऱ्यावर आली. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना जातीबाहेर पडल्यामुळे पिढीजात धंदा उरत नसे, म्हणून मिशनने विणकाम, छपाई असे उद्योग काढले. छापखान्याशी संबंधित असलेला जर्मन मिशनरी गेऑर्ग प्लेब्स्ट याने नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठच्या चिकणमातीवर प्रयोग केले आणि १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला माती मळायला बैल होते. नंतर वाफेची यंत्रे आली. खाचा आणि उंचवटे एकमेकांत अडकवणाऱ्या कौलाची कल्पना मुळात फ्रान्सची. आल्सास प्रांतातील आल्टकिर्शच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली तिचे एकस्व घेतले होते. मंगळूरला ती इथल्या मातीत आणि इथल्या पावसात उतरली.

एक मंगळुरी कौल हातात घेतले की त्यामागचा विचार कळतो. लांबी सुमारे सोळा इंच, रुंदी नऊ-दहा इंच, वजन दोन-अडीच किलो. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारा ओठ, त्यामुळे शेजारचे कौल सरकत नाही. वरच्या टोकाला मागून दोन बोंडे, ती रिपेला अडकतात. पाठीवर एक छोटा कान असतो. त्यातून तार ओवली की वाऱ्याच्या जागीही कौल धरून राहते. पुढच्या बाजूला पाण्यासाठी दोन पन्हळी. पाठीवर कारखान्याचे नाव ठळक उठवलेले. बेसल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडाही असतो, आणि कोकण-गोव्यात अनेक जण तो घराच्या बांधकामाचे वर्ष समजतात. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे. तोच ठसा पुढे वर्षानुवर्षे उठत राहिला.

चौरस मीटरला अशी पंधराच कौले पुरतात. नळ्यांच्या मानाने छप्पर निम्म्याच्या आसपास हलके होते, वासे बारीक आणि लांब अंतरावर चालतात, शाकारणी दर वर्षी करावी लागत नाही. शिवाय नळ्याचा मोठा गुण या कौलानेही राखला: सांधे पाण्याला वाट देत नाहीत पण हवेला देतात. पाखीच्या पोटाशी जमलेली गरम हवा कौलांच्या फटींतून आणि आढ्यातून निघून जाते, वळचणीकडून ताजी हवा आत येते. दमट उकाड्यात घर झोपण्याजोगे राहते ते एवढ्यामुळेच. उजेडासाठी त्याच साच्यातले काचेचे कौल मिळू लागले आणि माजघराचा पिढ्यांचा अंधार एका कौलाच्या किमतीत कमी झाला. कोकणातल्या घरात या एका वस्तूने जेवढा फरक पडला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडला असेल.

माल जड आणि ठिसूळ असल्यामुळे त्याला समुद्र सोयीचा होता. मंगळूरहून पत्तेमारी आणि गलबते कौले भरून गोवा, वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी आणि मुंबईपर्यंत येत. एडन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलियापर्यंतही ती गेली. म्हणून बंदराजवळच्या गावांत मंगळुरी कौल आधी दिसले आणि घाटाच्या पायथ्याला बरेच उशिरा. सरकारी बांधकाम खात्यालाही ते पसंत पडले. तालुक्याची कचेरी, शाळा, डाकबंगला, रेल्वेच्या चाळी यांच्यावर ते चढले आणि मग माळवदाच्या मुलखातही सावकाराच्या वाड्यावर प्रतिष्ठेची गोष्ट म्हणून पोचले. मुंबईच्या गिरणगावातील चाळींना तर त्याने लाल माथा दिला. मंगळूर परिसरात देशी मालकांचे कारखाने निघाले, मिशननेही कुद्रोळी, मालपे, कोझिकोड, फेरोक येथे शाखा काढल्या. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले आणि मिशनचे कारखाने १९१९ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. पुढे गुजरातेत मोरबीकडेही याच घडणीची कौले निघू लागली. नाव मात्र मंगळुरीच राहिले.

या यशाची झळ कुंभाराला लागली. नळे गावात बनत आणि त्यांचा पैसा, किंवा धान्य, गावात राहत असे. यंत्रावरचे कौल रोखीने, व्यापाऱ्याकडून घ्यावे लागे. नळे घडवणारे हात एका पिढीत थांबले नाहीत, पण मुले दुसऱ्या कामाला गेली. आज जुने नळ्यांचे घर दुरुस्त करायचे तर बहुतेक ठिकाणी नळे मिळत नाहीत, पाडलेल्या घराचे जपून उतरवलेले शोधावे लागतात.

पत्र्याची वाट वेगळी. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे एकस्व घेतले. सपाट असताना लवणारा पत्रा पन्हळी पाडल्यावर ताठ राहतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये जस्ताचा मुलामा देण्याची रीत निघाली आणि गंजाची अडचण कमी झाली. पन्हळी पत्रा भारतात आधी गोदामे, गिरण्या, स्थानके आणि लष्करी छावण्यांवर आला. घरांवर तो स्थिरावला तो विसाव्या शतकात. कारणे उघड होती: चौरस मीटरला पाच-सहा किलो वजन, उतार थोडा चालतो, दोन माणसे एका दिवसात घर झाकतात, फुटत नाही, आणि उद्या घर हलवले तर काढून नेता येतो. झोपडपट्टीत आणि शेतावरच्या वस्तीत हे गुण निर्णायक ठरले. पण पातळ धातूला ऊन थोपवणे जमत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी गंजका पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि ती उष्णता खालच्या माणसांवर सरळ ओततो. छप्पर बुटके असेल तर खोलीत बसवत नाही. पाऊस पडताना घरात बोलणे ऐकू येत नाही, हा दुसरा त्रास.

सिमेंटचा पत्रा याला उतारा म्हणून विकला गेला. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने विसाव्या शतकाच्या वळणावर सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस तंतूंचा तो पत्रा शोधला; भारतात त्याचा पहिला कारखाना १९३४ मध्ये मध्य प्रदेशातील कैमोरला निघाला. तो लोखंडापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, पण ठिसूळ असतो. खरा धोका तंतूंचा. पत्रा कापताना, भोके पाडताना, मोडताना उडणारी धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि अनेक वर्षांनी फुप्फुसाचा व त्याच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. महाराष्ट्रातील गोठे, शाळा आणि घरे यांवर जुने सिमेंटचे पत्रे आजही आहेत. ते फोडून भरावात टाकण्याची सरसकट रीत घातक आहे. ते ओले करून, अखंड उतरवणे एवढी तरी काळजी घेतलीच पाहिजे.

माळवदाचा अंत एका रात्रीत झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरांत झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. तीव्रतेच्या मानाने हा आकडा प्रचंड होता, आणि त्याचे कारण डोक्यावर होते. धक्क्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. पिढ्यान् पिढ्या चढवलेल्या मातीने मातीत रचलेल्या दगडी भिंती बाहेर ढकलल्या आणि टनावारी ढिगारा खाली आला. जिथे लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी छप्पर स्वतंत्रपणे तोलले होते, तिथे भिंती ढासळूनही काही घरांची छपरे उभी राहिली. दोष मातीइतकाच भिंतीचा आणि न काढलेल्या थरांचा होता. पण ज्यांनी आपली माणसे त्या मातीखालून काढली, त्यांना हा फरक सांगण्यात अर्थ नव्हता. पुनर्वसनात बावन्न गावे नव्याने वसली. बाकीच्या मराठवाड्यात लोकांनी आपणहून माळवदे उतरवली आणि पत्रे घातले. जीव वाचण्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागली: चाळीस-बेचाळीस अंशांच्या मुलखात, जिथे पूर्वी दुपारी घरात थंडावा असे, तिथे आता दुपारी लोक झाडाखाली किंवा देवळात बसतात.

कोकणात असेच वळण वादळांनी दिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. तारेने न बांधलेली कौले पत्त्यांसारखी उडाली, पत्रे वाशांसकट उखडले, माडा-पोफळींच्या बागा घरांवर आडव्या झाल्या. पाऊस सुरू झालेला, कौले दुर्मिळ, शाकारणारी माणसे मुंबईत. मिळेल तो पत्रा घालून लोकांनी डोके झाकले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले. तेव्हापासून नवे घर बांधणारा बहुधा स्लॅबच मागतो.

स्लॅबचे आकर्षण जुनेच. मुंबईत १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारतींनी सपाट काँक्रीटची गच्ची आधुनिकतेची खूण केली. सिमेंट आणि सळई स्वस्त झाल्यावर ती गावापर्यंत गेली. घरकुल योजनांनी पक्क्या घराची अट घातली आणि लोकांच्या मनात पक्के म्हणजे स्लॅब हे समीकरण बसले. स्लॅब आगीला, वाऱ्याला, वानरांना दाद देत नाही, आणि वर मजला चढवण्याची आशा ठेवतो. पण चार-पाच इंच काँक्रीट उन्हाच्या बाबतीत अधांतरी माप आहे: उष्णता साठवण्याइतके जाड, पण ती रात्र उलटेपर्यंत रोखून धरण्याइतके नाही. दुपारभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत आतल्या खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणजे नेमकी माणसे घरी असतात तेव्हा. कोकणात त्यात गळतीची भर पडते. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या सपाट काँक्रीटला पाच-दहा वर्षांत केसासारख्या भेगा जातात आणि आतली सळई गंजू लागते.

म्हणून आज कोकणात आणि मुंबईच्या उपनगरांत स्लॅबवर पुन्हा उतरत्या पत्र्याची शेड चढलेली सर्रास दिसते. ती पावसासाठी घातली जाते, पण उन्हातही तिचा उपयोग होतो: पत्रा ऊन अंगावर घेतो, स्लॅब सावलीत राहतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा तापलेली हवा वाहून नेतो. चारही बाजूंनी बंद केलेल्या शेडमध्ये हा फायदा निम्म्याहून कमी होतो. मंगळुरी कौलेही परत आली आहेत, पण बहुतेक वेळा तिरक्या स्लॅबवर सिमेंटात बसवलेली. त्यात घराला जुने रूप येते आणि पाणी उतरून जाते. मात्र कौलांखालून वारा फिरत नाही, त्यामुळे घर कौलारू घरासारखे थंड राहत नाही. कौले सिमेंटात न बसवता स्लॅबवर रिपा मारून त्यांवर ती टांगली आणि वळचण-आढ्याशी वाट मोकळी ठेवली, तर तेवढ्याच खर्चाच्या आसपास दोन्ही गोष्टी साधतात.